मागून आणलेलं दुपटं

वडनेर भोलजीत कुणाच्या घरी पाळणा हलणार असला, की त्या घरातली थोरली बाई एखादी रिकामी दुपार बघून भीमनगरात येते आणि महामायाबाईंच्या दारात चपला काढते. "कपाट उघडता का, मावशी?" एवढंच तिने विचारायचं. कुणाच्या सुनेला कितवा महिना, पहिलटकरीण आहे की दुसरी खेप, लेकरू थंडीत येणार की उन्हात, हे सगळं महामायाबाईंनी आधीच हेरून ठेवलेलं असतं. गावात असल्या बातम्या काढायला त्यांना कुठे जावं लागत नाही. बातम्याच कपाटाच्या वासाने चालत येतात.

कपाट लोखंडी. कधीकाळी हिरवं होतं, आता त्याला रंग म्हणावा असं काही उरलेलं नाही. ग्रामपंचायतीने जुनं सामान काढलं तेव्हा महामायाबाईंनी ते बैलगाडीवर घालून आणलं. नवरा शालिग्राम तेव्हा होते. "आपल्या घरी ना कागद ना दागिने, याच्यात ठेवतं काय?" म्हणून ते पोट धरून हसले होते. महामायाबाईंनी कपाट रॉकेलने पुसलं, दोन दिवस उन्हात उघडं टाकलं आणि त्यात लेकरांची दुपटी लावली.

दुपटं म्हणजे तान्ह्या लेकराला गुंडाळायचं मऊ कापड, हे सांगायला नको. पण महामायाबाईंच्या कपाटात दुपट्यांचीही खानदानं आहेत. खालच्या कप्प्यात थंडीच्या लहान गोधड्या, पोटात जुन्या लुगड्यांचे थर घालून हाताने टाके घातलेल्या. मधल्या कप्प्यात पावसाळ्यातली दुपदरी. सगळ्यात वर एकेरी, धुऊन धुऊन साय झालेल्या धोतरांची, एप्रिल-मेच्या लेकरांसाठी. आमच्याकडच्या मे महिन्यात मोठ्या माणसाला स्वतःची कातडी अंगावर नकोशी होते, तिथे लेकराला गोधडी कोण घालणार? प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका. लाल थंडीचा, पिवळा पावसाचा, पांढरा उन्हाळ्याचा. परत आलेलं दुपटं चुकीच्या कप्प्यात गेलं, तर महामायाबाईंना जेवण गोड लागत नाही.

डांबराच्या गोळ्यांना कपाटात मज्जाव. तो वास लेकराच्या टाळूत शिरतो असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे गठ्ठे खाली निघतात, खालचं दुपटं वर येतं, वरचं खाली जातं, आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडली जाते, कारण एकाच जागी घडी राहिली की जुनं कापड तिथेच फाटतं. टिकली, जर, बटण, हूक यांतलं काही कापडावर दिसलं की महामायाबाईंचा आवाज चढतो. टेरिकॉटचं तर नावच नको. "त्याच्यात लेकरू मुतलं तं तळं होते, कापड पीत नाही!" असं त्या चारचौघांत बोलतात. ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावतात आणि घरी जाऊन टेरिकॉट बाजूला काढतात.

आता रीत काय आहे, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. या भागात जन्मलेल्या लेकराला पहिल्यांदा नव्या कापडात घेत नाहीत, आणि स्वतःच्या घरातल्या कापडातही घेत नाहीत. पहिलं दुपटं दुसऱ्या घरचं असावं, जिथली लेकरं धडधाकट वाढली आहेत अशा घरचं. आणि ते मागून आणलेलं असावं. घरातल्या थोरल्या बाईने स्वतः जायचं, दारात उभं राहायचं, पदर पसरायचा. कुणी आपणहून आणून दिलं तर ते चालत नाही, ती भेट झाली. ज्या घराने मागितल्यावर दिलं, त्या घराचा लेकरावर थोडा हक्क लागतो. लेकरू पुढे रस्त्यात पडलं तर ते घर उचलायला धावतं. भीमनगरातल्या लोकांनी नवस, अंगारे, उतारे कधीच गावाबाहेर टाकून दिले, पण ही रीत ठेवली. महामायाबाई म्हणतात, "याच्यात देव नाही, भूत नाही. याच्यात शेजार हाये."

रीत चांगली, पण मागणाऱ्याला ती किती महाग पडू शकते हे महामायाबाईंनी स्वतःच्या बाजेवरून पाहिलेलं. त्या धाडच्या बाजूच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या आणि वर्षा-दीड वर्षात चंद्रशेखर झाला. सासू अन्नपूर्णाबाई ज्या मोठ्या घरच्या शेतात उभा जन्म राबली, त्याच घरी दुपटं मागायला गेली. तिला गोठ्यापाशी बसवून ठेवलं. दुपार कलली तेव्हा आतून कुणीतरी एक पटकूर लांबून तिच्या अंगावर फेकलं. म्हैस पुसायचं होतं ते. म्हातारी ते घेऊन घरी आली, धुतलं, दोरीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडली की नाही ते महामायाबाईंना कळलं नाही. त्यांना फक्त पाठ दिसत होती. ओली बाळंतीण उठली, दोरीवरचं पटकूर ओढून चुलीत घातलं आणि माहेरून आणलेलं आईचं लुगडं फाडून त्यात पोरगा गुंडाळला. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की महामाया कुणाच्या दारात काही मागणार नाही. आणि या गावातल्या कुठल्याही बाईला लेकरासाठी गोठ्यापाशी बसावं लागणार नाही.

रीत बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. मग मागणाऱ्या बाईची शान तरी ठेवायची, असं त्यांनी केलं. त्यांच्या दारात कुणी आलं की आधी खुर्ची, मग पाणी, मग चहा. कपाट सताड उघडायचं आणि त्या बाईला स्वतःच्या हाताने निवडू द्यायचं. कुणी खाली मान घालून पुटपुटायला लागली, की महामायाबाईंचं ठरलेलं वाक्य: "मान वर कर व. लेकरासाठी मागणारी लहान होत नसते." सुरुवातीला भीमनगरातल्याच बायका यायच्या. मग पिंजारी गल्लीतल्या आल्या, मग माळ्यांच्या, मग कुणब्यांच्या. आणि एक दिवस त्या मोठ्या घरची नातसून वंदना आली. गल्लीच्या तोंडाशी तिने दोन येरझारा घातल्या, हे महामायाबाईंनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी खुर्ची पुसली. वंदनाने चहा घेतला, कप स्वतः विसळला, पिवळ्या टाक्याचं एक दुपटं निवडलं. ती गेल्यावर महामायाबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज काय? अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

तर अशी ही बाई. देणारी. आणि देणाऱ्या माणसात जी एक अकड हळूहळू भरते, ती त्यांच्यात पुरेपूर भरलेली. पिंजारी गल्लीतली नूरबी त्यांच्याच वयाची. तिचे मालक अब्दुल गनी कापूस पिंजायचं मशीन चालवतात, गाद्या-रजया भरतात. नूरबीने कितीदा तरी गोधड्यांसाठी कापूस पाठवला, आणि तितक्याच वेळा महामायाबाईंनी त्याचे पैसे पोचते केले. "फुकटचं मले पचत नाही," म्हणायचं आणि वर हसायचं. नूरबी हसत नसे.

आणि मग महामायाबाईंच्याच सुनेला दिवस राहिले. चंद्रशेखर नांदुऱ्याला मोटारी दुरुस्त करतो. त्याची बायको समता बी.एस्सी. झालेली, गावातल्याच औषधाच्या दुकानात बसते. लग्नाला काही वर्षं झाली होती, डॉक्टर करून झाले होते, लोकांचे चुकचुकणारे चेहरे बघून झाले होते, आणि आता गोड बातमी होती. समताचं माहेर धाडचं, पण आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. महामायाबाईंचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी कपाट रिकामं केलं, पुसलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा समतानेच हसत विचारलं, "आई, याच्यातलं आपल्या बाळाचं कोणतं?"

महामायाबाईंचा हात गठ्ठ्यावरच थांबला.

कपाटातली सगळी दुपटी त्यांच्या घरची झाली होती. कापड कुठूनही आलेलं असो, त्यांनी टाके घातले, त्यांनी घड्या घातल्या, त्यांच्या छपराखाली ती वर्षानुवर्षं राहिली. गावात कुणाच्याही लेकराला चालतील अशी दुपटी कपाटभर होती, आणि स्वतःच्या नातवंडाला चालेल असं त्यात एकही नव्हतं. मागावं लागणार होतं. थोरल्या बाईने. म्हणजे त्यांनीच.

"पाहू," म्हणाल्या आणि कपाट लावून टाकलं.

पाहू म्हणजे काय, तर महामायाबाईंनी मागितल्याशिवाय मागायची एक युक्ती काढली. सूचक बोलायचं. समोरच्या बाईने ओळखायचं आणि म्हणायचं, "या की मावशी, आमच्या घरून घेऊन जा." मग जायचं आणि नुसता पदर पुढे करायचा. निम्मं मागणं तिनेच केलेलं असणार. दळणाच्या गिरणीत त्या मोठ्याने म्हणाल्या, "समताचे दिवस भरत आले व माय. दुपट्याचं पाह्यनं हाये." गिरणीतल्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "मावशी, हलवायाने कधी म्हटलं का, पेढ्याचं पाह्यनं हाये?" बाजारात भाजीवालीपाशी तेच. अंगणवाडीत तेच. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना. पडणार कसा? महामायाबाईंना दुपटं लागतं ही गोष्ट या गावाच्या कल्पनेतच बसत नव्हती.

उलट भलतंच झालं. मावशीकडे दुपट्यांची टंचाई आहे, अशी हाकाटी झाली. बायका जुन्या साड्या, धोतरं, ओढण्या गाठोड्यात बांधून आणून टाकू लागल्या. "कपाटासाठी हो मावशी." कपाटासाठी! ओसरीवर ढीग लागला. कुणी आपणहून तयार दुपटीसुद्धा आणली, पण ती पडली भेट. पंजाबरावांनी, स्टँडवर त्यांची चहाची टपरी आहे, तर आपलं एक अख्खं नवंकोरं ब्लँकेट आणून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं, वर सिंहाचं चित्र. महामायाबाईंनी ते हातात धरलं, सिंहाकडे पाहिलं, सिंहाने त्यांच्याकडे पाहिलं. "लय छान हाये," एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

समता शहाणी. तिला दोन दिवसांत सगळं कळलं. ढिगातल्या साड्या निवडता निवडता ती म्हणाली, "आई, सोडा ना ती रीत. आपल्याच कपाटातलं घेऊ. बाळाला थोडंच कळतंय? स्वच्छ आहे, मऊ आहे, तुमच्या हातचं आहे. मला तर तेच आवडेल."

"तुले आवडन व. पण मी एवढ्या बायकांले माह्या दारात उभं केलं. कोनाले म्हटलं का, की सोडून दे रीत? सगळ्यांले म्हटलं, माग, लहान होत नाहीस. अन् माह्यावर आलं तं मीच पळू?"

"मग मागा."

"मागतो नं."

"कधी?"

महामायाबाईंनी एक साडी उचलली आणि तिची जर उसवायला घेतली. त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून बसलेली ती पाठ होती. समताला ती गोष्ट माहीत नव्हती, चंद्रशेखरलाही नव्हती. त्या दुपारी महामायाबाईंनी पहिल्यांदा ती सुनेला सांगितली, जर उसवता उसवता, वर न बघता. समताने सासूच्या हातातली साडी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी आजीला लहान केलं नाही, आई. स्वतःला केलं." महामायाबाईंना ते पटलं. पण पटणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं.

पुढचे दिवस असेच गेले. नूरबीकडे मागायचं म्हणून त्या पिंजारी गल्लीपर्यंत जायच्या आणि मिरच्या घेऊन परत यायच्या. घरात मिरच्यांची रास झाली. चंद्रशेखरने न राहवून विचारलं, "आई, लोणचं घालतं का सगळ्या गावाचं?"

आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी, एका सकाळी, समताच्या पोटात कळा सुरू झाल्या. चंद्रशेखरने गाडी काढली आणि तिला नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेलं. जाताना तो ओरडला, "आई, तू मागून जीपने ये. कपडे घे, दुपटं घे!" समताने गाडीच्या खिडकीतून सासूकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. तिने बोलायला पाहिजे होतं, म्हणजे महामायाबाईंना रागावता तरी आलं असतं.

त्या कपाटापाशी गेल्या. दार उघडलं. खालच्या कप्प्यातलं सगळ्यात मऊ, सगळ्यात जुनं दुपटं काढलं. कुणी बघत नव्हतं. पिशवीत टाकलं असतं, जीप पकडली असती, दवाखान्यात लेकराला गुंडाळलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. फार तर समताला कळलं असतं, आणि ती काही बोलणाऱ्यातली नव्हती. महामायाबाईंनी ते दुपटं गालाला लावलं. मग जिथलं होतं तिथे, लाल टाका बाहेर येईल असं ठेवलं आणि दार लोटलं. आजवर आपण बायकांना जे सांगत आलो ते खरं होतं की नुसतं बोलणं होतं, याचा निकाल आज लागणार होता आणि तो दुसरं कुणी लावणार नव्हतं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, धुतलेली साडी नेसल्या आणि पिंजारी गल्लीचा रस्ता धरला. मिरच्यांच्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही.

अब्दुल गनींचं मशीन चालू होतं. दारात कापसाचं भुसकट उडत होतं आणि नूरबी नाकातोंडावर ओढणी बांधून एका रजईला टाके घालत बसली होती. तिने मान वर केली. "ये महामाया. सलाम-जयभीम दोन्ही घे. आज कापसाचे पैसे द्याले आली का?"

"नाही व. अशीच आली."

"अशीच तू कधी आली?"

महामायाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या. थंडी यंदा लवकर पडली असं म्हणाल्या. नूरबी हो म्हणाली. मशीनचा आवाज लय होतो असं म्हणाल्या. नूरबी हो म्हणाली. शाहीन, नूरबीची सून, पाणी घेऊन आली, तिचा कामरान तिच्या मागे मागे पदर धरून आला, गोबरा, गुबगुबीत, तोंडाला बिस्किटाचा चुरा लागलेला. महामायाबाईंनी त्याच्याकडे बघून घेतलं. लेकरं वाढावीत तर अशी. शाहीनच्या वेळी नूरबी कपाटावर आली होती, तेव्हा तिने पदर पसरला होता, बिलकूल न अडखळता, महामायाबाईंना आठवलं. किती सोपं वाटलं होतं बघायला.

नूरबीने टाका ओढला, दोरा तोडला आणि नवा ओवायला घेतला. तिला सगळं कळलं होतं, गावात काय लपतं? पण ती मदत करणार नव्हती. ती सुईच्या नेढ्यात बघत राहिली.

"नूरबी," महामायाबाई म्हणाल्या आणि उठल्या. उभं राहूनच मागायचं असतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि दोन्ही हातांनी पसरला. त्यांची त्यांनाच लाज वाटली, आणि त्या लाजेतच त्या एकदम बोलल्या, "माह्या घरी लेकरू येऊन राह्यलं. तुह्या घरची लेकरं धडधाकट हायेत. मले एक दुपटं दे."

मशीन तेवढ्यात थांबलं. अब्दुल गनींनी मुद्दाम थांबवलं की कापूस संपला, देव जाणे. त्या शांततेत नूरबीने सुई रजईत खोचली आणि ती उठली. महामायाबाईंना वाटलं, ही आता हसेल. नूरबी हसली नाही. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात राग होता.

"काऊन एवढा टाइम लावला व? मी तं थकली वाट पाहू पाहू. माह्या सुनेचं घेतलं, माह्या नणंदेचं घेतलं, माह्या लेकीचं घेतलं तुह्याकडून. अन् मी एक बोरा कापूस पाठवला, तं तू पैसे धाडले. मले काय वाटलं असन? आमच्या हातानं दिलेलं तुह्या घरी चालत नाही, असंच नं?"

"तसं नाही व नूरबी…"

"मग कसं? तू देत राह्यली, आम्ही घेत राह्यलो. घेऊ घेऊ माणूस लहान नाही होत, तूच सांगते सगळ्याले. पण नुसतं घेऊ घेऊ तं होतेच नं! आमच्या हाताले बी तं कधी वर येऊ दे."

गोठ्यापाशी बसवणारे वेगळे आणि आपण वेगळे, असं महामायाबाई आजवर समजत आल्या होत्या, आणि ते खरंच होतं. पण कुणालाही आपल्याला काही देऊ द्यायचं नाही, हीसुद्धा एक वरची पायरीच होती, आणि त्या तिच्यावर बसून राहिल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं. पदर मात्र त्यांनी तसाच धरून ठेवला.

शाहीनने आतून दुपटं आणलं. मलमलच्या जुन्या ओढणीचे दोन पदर आणि मध्ये अब्दुल गनींच्या हातच्या पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. कामरान यातच वाढला होता. नूरबीने ते दोन्ही हातांनी महामायाबाईंच्या पदरात घातलं. महामायाबाईंची बोटं सवयीने कडेवरून फिरली आणि एका जागी थांबली. गाठ बाहेरून होती. लेकराच्या गालाला टोचेल.

"खोट काढू नको," नूरबी म्हणाली.

"काढली का मी?"

"तुह्या तोंडावर दिसून राह्यली."

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनीही डोळे पुसले. ती गाठ महामायाबाईंनी नंतर जीपमध्ये दातांनी तोडली, पण त्या दारात त्यांनी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला किती जड गेलं असेल ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. "लेकरू मोठं झालं की धुऊन आणून देईन," त्या म्हणाल्या. "आणशीनच," नूरबी म्हणाली, "अन् पैसे आणशीन तं दारात उभी नाही करणार."

गल्लीतून बाहेर पडताना त्यांचा हात सवयीने पिशवीकडे गेला. मागून आणलेलं दुपटं बायका पदराखाली, नाहीतर पिशवीच्या तळाशी झाकून नेतात. महामायाबाईंनी आजवर सगळ्यांना नेताना पाहिलं होतं, तसंच. त्यांनी पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली आणि दुपटं उलगडून हातावर घेतलं, असं की कुणालाही दिसावं.

जीप स्टँडपर्यंतचा रस्ता बाजारातून जातो. सकाळची वेळ, सगळे आपापल्या जागेवर. भाजीवालीने पाहिलं, शिंप्याने पाहिलं. महामायाबाई दुपटं घेऊन चालल्या, म्हणजे नेहमीसारख्या कुणाच्या तरी घरी द्यायला, असंच सगळ्यांना वाटलं. वाटेत कुणी काही विचारलं नाही. स्टँडवर मात्र पंजाबरावांनी चहा गाळता गाळता हाक मारली, "काय महामायाबाई! आज कोणाच्या घरी देऊन राह्यल्या दुपटं?"

नुसती मान हलवून त्यांना जीपमध्ये बसता आलं असतं. जीप भरत आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या थांबल्या. मागे वळल्या. टपरीवर बसलेली माणसं, जीपमध्ये बसलेल्या बायका, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात महामायाबाई म्हणाल्या, "देऊन नाही राह्यली, पंजाबभाऊ. माह्या घरच्या लेकरासाठी पिंजाऱ्याच्या नूरबीच्या दारात पदर पसरला, अन् मागून आणलं!"

जीपमधल्या एका बाईने सरकून त्यांना पुढची जागा करून दिली, आणि महामायाबाई ते दुपटं मांडीवर पसरून, मान वर करून बसल्या.